दुबराजचा वास

ती रोज सकाळी यायची, आईची पहिली पोळी तव्यावर पडायच्या सुमाराला. तांबडी गाय, एक शिंग खाली कललेलं, गळ्यात निळ्या प्लास्टिकच्या दोराचा तुकडा. आमची नव्हती. पलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे मागच्या जुन्या वस्तीत, एक म्हातारी राहते, तिची. म्हातारी पहाटे दूध काढून तिला सोडून देते आणि गाय गल्लीगल्लीतून फिरते, ठरलेल्या दारांशी थांबते, मिळेल ते खाते आणि पुढे जाते. आमच्याकडे आली की हंबरत वगैरे नसे. फाटकाच्या आडव्या पट्टीवर हनुवटी टेकवून नुसती उभी राहायची. मग बाबा उठायचे.

हे ‘उठायचे’ लिहायला सोपं आहे. बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने बसून त्यांनी सालाची जंगलं, नद्या आणि लांबच लांब अंधार बघितला. गेल्या हिवाळ्यात त्यांना झटका आला. अंग निम्मं सावरलं, निम्मं रुसून बसलं. बोलणं परत आलं, पण एखादा शब्द मध्येच सिग्नल न मिळाल्यासारखा थांबायचा. डॉक्टर म्हणाले, रोज चाललं पाहिजे, नाहीतर उजवा पाय कायमचा जाईल. बाबांनी डॉक्टरांचं ऐकलं नाही, व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलाचं ऐकलं नाही, आणि माझं तर त्यांनी जन्मात कधी ऐकलेलं नाही. गायीचं ऐकलं. ती येऊन उभी राहिली की वॉकर सरकवत खाटेपासून दार, दारापासून दोन पायऱ्या, मग अंगण, मग फाटक. पोळी डाव्या बगलेत धरलेली. परत येईपर्यंत घामाघूम, पण चेहऱ्यावर ड्यूटी संपवून आलेल्या माणसाचं समाधान असायचं.

मी शाळेत हिंदी शिकवते. लग्न केलं नाही, त्याचं कारण आई सगळ्यांना ‘तिचा स्वभाव’ असं दोन शब्दांत सांगते, आणि ते फारसं खोटं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरीच असते. रायपूरचा उन्हाळा म्हणजे अर्धी झोपच. खिडकीत कूलर घरघरतो, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या वासाने खोली हिरवट होते, पडद्यातून येणारा उजेड पाण्यातून आल्यासारखा हलतो, आणि दुपार कुठे सुरू झाली नि कुठे संपली ते कळत नाही. ही सगळी गोष्ट अशाच दुपारींच्या अधेमधे घडली, त्यामुळे मला ती आठवते तीही तशीच, डोळे मिटत उघडत बघितल्यासारखी.

गायीच्या आधी माकडांचं सांगायला हवं.

एप्रिल लागला की आईचं वाळवण सुरू होतं. कुरडया, मुगवड्या, आणि इथे राहून शिकलेली रखिया बडी, म्हणजे कोहळ्याचा कीस नि उडदाच्या डाळीची. डाळ गोल बाजारातल्या तिच्या ठरलेल्या दुकानातून, गच्चीवर अंथरायचं पांढरं कापड पंडरीच्या कापडबाजारातून. यंदा वाळवण पडलं की काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी हजर. आई काठी घेऊन वर जाईस्तोवर अर्ध्या कुरडया फस्त. एकदा तर एका वानरिणीने बडी चाखून पाहिली आणि थुंकली. आईला चोरीपेक्षा तो अपमान जास्त लागला.

माझा धाकटा भाऊ भनपुरीला एका ट्रान्सपोर्टमध्ये गाड्या लावायचं काम करतो. दुनियेतल्या प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे एक ओळखीचा माणूस असतो. एका रविवारी तो एक फुगलेलं तागाचं पोतं घेऊन आला आणि मला कोपऱ्यात बोलावून म्हणाला, "ताई, काम झालं. शहराबाहेर ते प्राण्यांची बाग आहे न, तिथून वाघाखालचा पैरा टाकायले जे ट्रॅक्टर जाते, त्याचा ड्रायव्हर आपला भाई आहे. हे वाघाचं बिछानं होय. वानराचा बाप बी येणार नाही."

पैरा म्हणजे धानाचा पेंढा. त्यावर वाघ झोपलेला, आणि वाघ जे जे करतो ते केलेलं.

"आईले सांगितलं का?" मी विचारलं.

"पागल आहेस का? वाघाचं मूत म्हटलं तर वाळवणासंगं आपल्याले बी फेकून देईन. मी सांगून ठेवतो, औषध मारलेला पैरा आहे, हात नको लावू."

पोतं गच्चीच्या कठड्याशी, पाण्याच्या टाकीखाली बांधलं गेलं. मी ओढणीने नाक घट्ट आवळून लांबूनच पाहिलं. मला घाण वासाची किळस आहे, आणि वाघाबद्दल आदर असला तरी तो मला त्याच्या मुतापर्यंत न्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी वानरं आली ती नेहमीच्या ऐटीत, शेजारच्या गच्चीवरून उड्या मारत. पुढचा मोठा नर आमच्या कठड्यावर उतरला आणि तिथेच थिजला. खरंच थिजला, उचललेला हात तसाच हवेत. मग दोन पायांवर उभा राहून त्याने नाक वर केलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि घशातून खोकल्यासारखा एक कोरडा आवाज काढला. मागची टोळी जिथे होती तिथून उलटी फिरली. पोरांना पोटाशी धरलेल्या वानरिणी आधी, मग बाकीचे. क्षणभराने गच्ची रिकामी, वर नुसतं ऊन.

मी कितीतरी वेळ तिथे उभी होते. ही वानरं शहरात जन्मलेली. त्यांच्या आज्या-पणज्यांनीही वाघ पाहिला नसेल. त्यांना कुणी शिकवलं? खारी कठड्यावरून नाहीशा झाल्या. मांजरीने गच्चीचा जिना सोडला. कावळे मात्र बेशक येत राहिले, पोत्यावर बसून चोच घासायचे. त्यांना या भानगडीत काही रस नसावा. मला तेव्हा असं वाटत राहिलं की आपल्या घराच्या डोक्यावर एक न दिसणारा वाघ झोपला आहे आणि तो फक्त काही जणांना दिसतो.

पण नुसत्या वासाने किती दिवस भ्यायचं? थोड्या दिवसांनी वानरं समोरच्या टाकीवर येऊन बसू लागली. बघत राहायची. वास आहे, पण वाघ कुठे आहे? रोज तोच वास, तिथेच, आणि कुणी झडप घालत नाही. मग ती बडी थुंकणारी वानरीण एकटी पुढे आली, हात लांबवून एक कुरडई ओढली आणि पळाली. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. आठवड्याभरात टोळीची टोळी वाघाच्या बिछान्याशेजारी बसून जेवू लागली. भाऊ म्हणाला, "आजकालचे बंदर बी शहाणे झाले." आईने उरलेलं वाळवण कसंबसं डब्यात भरलं, गच्ची मोकळी झाली, आणि त्या पोत्याचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. भाऊ घेऊन गेला असेल असं धरून चालले.

त्यानंतर गाय यायची थांबली.

पहिल्या दिवशी मी अंगणात होते. बाबा फाटकाशी पोळी घेऊन आधीच उभे होते, कारण आज पायाला जरा जोर वाटतोय असं ते म्हणाले होते. गाय गल्लीत वळली, आमच्या दिशेने आली, आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. मान वर. नाकपुड्या फुगलेल्या. दोन्ही कान पुढे रोखलेले, पुढचे पाय खुंटासारखे. तिने जोराने फुस्स करून श्वास सोडला. बाबांनी पोळी पुढे केली. गाय बाबांकडे बघत होती, किंवा बाबांच्या मागे, ते काही कळेना. मग ती मागे सरली, वळली, आणि समोरच्या घरांच्या भिंतीला अंग घासत निघून गेली.

बाबा बराच वेळ पोळी धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून तिने आमची बाजूच सोडली. पलीकडच्या कडेने मान खाली घालून जायची, ओळख नसल्यासारखी.

"काहून येत नाही ते?" आई म्हणाली. "गूळ लावून पाहू का पोळीले?"

बाबा खाटेवर बसले होते. "राहू दे," ते म्हणाले. "तिले समजलं."

"काय समजलं?" मी विचारलं.

"जनावराले आधी समजते, बाई. माणसाले मागून." मग डावा हात नाकाशी नेऊन, "माझ्या अंगाले वास येऊन राहिला असंन."

कशाचा, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आजोबा जायच्या आधी गोठ्यातल्या बैलाने त्यांच्या हातचा चारा सोडला होता. बाबा तेव्हा शाळेत होते. बैल ज्या दिवशी तोंड फिरवून उभा राहिला, त्या दिवशी आजोबांनी सगळ्यांना बोलावून घेतलं होतं, असं ते नेहमी सांगायचे. बाबांनी आयुष्यात कशावर विश्वास ठेवला असेल तर तो घड्याळावर आणि त्या बैलावर.

मला संताप आला. गायीचा, बैलाचा, आजोबांचाही. मी तणतणत पलीकडच्या पाऱ्यात गेले. म्हातारी दारात बसून भाजी निवडत होती. "हव दीदी," ती शांतपणे म्हणाली, "तुंहर घर कोती नइ जावत हे." म्हणजे तिलाही माहीत होतं की गाय आमच्या घराकडे जात नाही. का, ते तिला ठाऊक नव्हतं. मी हट्टाने म्हटलं, दोरी लावून आणू. आम्ही दोघींनी तिला ओढत आणलं. गल्लीच्या तोंडापर्यंत ती निमूट आली, आणि आमचं फाटक दिसताच तिने चारही पाय रोवले. म्हातारी पुढून ओढतेय, मी मागून ढकलतेय, गाय थरथरतेय. तिच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता. शेवटी म्हातारीनेच दोरी सोडली.

घराकडे पाहिलं तर बाबा खिडकीत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

त्या दिवसापासून ते उठले नाहीत. वॉकर भिंतीशी उभा राहिला, त्याच्यावर आईने टॉवेल वाळत घातला. जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, मनाने घेतलंय, असं करत राहिले तर मात्र अवघड आहे. हे अवघड आहे ते मला दिसत होतं. पाय काठीसारखा होत चालला होता. मी त्यांच्यावर ओरडले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले, मग परत येऊन ओरडले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला माझे बाबा हवे होते, एवढंच. तापट माणसाला ते नीट सांगता येत नाही.

दुपारी मी त्यांच्या खोलीत जमिनीवर चटई टाकून पडायची. कूलरच्या आवाजात ते कधीकधी बोलायचे, माझ्याशी की कुणाशी ते कळत नसे.

"दुबराज कोण शिजवून राहिलं?"

दुबराज हा आमच्याकडचा सुगंधी तांदूळ. सणासुदीला करायचा, एका घरात शिजला की चार घरांना कळतो. पण दुपारचे तीन वाजलेले, ओटा पुसून कोरडा, आई मागच्या खोलीत झोपलेली.

"कोणीच नाही, बाबा."

"येऊन राहिला न वास. दाराकडून."

मला खसाशिवाय काही येत नव्हतं. आईला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून बसली; तिला वाटलं, आता डोक्यावरही परिणाम झाला. मलाही तेच वाटलं. त्या वासावरून बाबा हळूहळू त्यांच्या जुन्या गोष्टीत शिरायचे. ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. पहाटेची वेळ, सालाच्या जंगलात गाडी उभी. धुकं. जवळच रेल्वेचं एक फाटक, त्यावर एक बैलगाडी थांबलेली. गाडीवान बैलांना हाकतोय, शेपट्या पिरगाळतोय, आणि बैल काही पुढे पाऊल टाकत नाहीत. आणि चारी बाजूंनी दुबराज शिजल्याचा वास. आसपास घर नाही, चूल नाही. फाटकवाला हात जोडून म्हणाला, वनदेवीचा स्वयंपाक चाललाय, साहेब. लहानपणी आम्ही त्या गोष्टीतला भात ऐकायचो. धुक्यात कुठेतरी एक मोठी चूल, देवी पळीने भात ढवळतेय, असं मला दिसायचं. आता अर्ध्या झोपेत ती गोष्ट ऐकताना पुन्हा दिसू लागलं, आणि भीती वाटू लागली, कारण बाबा जणू त्या पंगतीला निघाले होते.

मग एका संध्याकाळी अंधड आलं. सगळी धूळ घरात. चार थेंबही पडले. सकाळी मी दार झाडायला घेतलं आणि उंबऱ्यापुढचं पायपुसणं उचलून रस्त्याकडे तोंड करून झटकलं.

समोर शेजाऱ्यांच्या स्कूटरखाली गल्लीतला पिवळा कुत्रा झोपला होता. एरवी हा आमच्या पायरीवर झोपायचा. तिथून तो कधी हलला, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी पायपुसणं झटकलं तसा तो ताडकन उठला. पाठीवरचे केस उभे, शेपटी पोटाशी. भुंकला नाही. माझ्याकडे बघत मागे मागे सरकत गेला, मग वळून गल्लीच्या टोकापर्यंत पळाला. माझ्या हातच्या पोळ्या खाऊन मोठा झालेला कुत्रा.

मी हातातल्या वस्तूकडे पाहिलं. जाड ताग, चारी बाजूंनी जुन्या लुगड्याच्या काठाची शिवण. पावसाच्या थेंबांनी ओलसर झालं होतं. नाकाशी नेलं. गरम भाताचा वास आला. दुबराजचा.

मी तशीच आत गेले. आई देवघरापुढे फुलं निवडत होती.

"आई, हे पायपुसणं कुठलं?"

"कुठलं म्हणजे? ते गच्चीवरचं पोतं नव्हतं का. पैरा कचरागाडीत टाकला, पोतं मजबूत होतं, फेकवलं नाही. औषध निघावं म्हणून सोड्यात भिजवलं, चार उन्हं दाखवली, दुमडून शिवलं." मग जरा कौतुकाने, "तांदळाचं असंन आधी. धुताना काय वास सुटला होता त्याले, वाळल्यावर गेला. ओलं झालं की सुटत असंन."

आमच्याकडे पोतं कधी टाकून देत नाहीत. तांदळाचं, सिमेंटचं, कशाचंही असो, शेवटी ते धुऊन-शिवून उंबऱ्यापुढे येतंच. मला सांगायला हवं होतं, पण आधी हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. "आई, ते वाघाचं आहे."

सगळं ऐकून घेतल्यावर आईने हातातलं फूल खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी वाघावर पाय पुसून देवघरात जाऊन राहिली?" आणि उठून भावाला फोन लावला. तिकडे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, पण तो जेवायच्या सुट्टीत भनपुरीहून आला, मान खाली घालून पायपुसणं डिकीत टाकलं आणि निघून गेला.

मी बाबांच्या खाटेशी बसले.

"बाबा, त्या फाटकावरचे बैल आठवतात?"

"हव."

"ते पुढे का जात नव्हते?"

बाबांनी डोळे उघडले. मी सांगितलं. पोतं, वानरं, पायपुसणं, कुत्रा. वाघ मुतून आपली हद्द आखतो त्या जागेला असाच, शिजलेल्या सुगंधी भातासारखा वास येतो, एवढं आता मला नाकाने कळलं होतं. माणसाला तो वास गोड लागतो, बैलाला कळतं त्याखाली काय आहे. त्या पहाटे तिथे देवी नव्हती. तुमच्या डब्यापासून अगदी थोड्या अंतरावर, धुक्यात, वाघ होता. तुम्हाला सगळ्यांना भात आला, बैलांना वाघ आला.

बाबा छताकडे बघत राहिले. मग तोंडाची चालणारी बाजू वर गेली. कितीतरी दिवसांनी ते हसले.

"अन् मले भूक लागली होती," ते म्हणाले. "त्या वासानं. मी तर जेवणाचा डबा सोडला अन् उभ्या उभ्या जेवलो."

"म्हणून सांगते, गाय तुम्हाला नाही भ्याली. पायपुसण्याला भ्याली."

हसू हळूच मावळलं. "तू मास्तरीण आहेस, बाई. काही बी समजावून सांगशील." त्यांनी लुळा हात डाव्या हाताने उचलून छातीवर ठेवला. "गायीले येऊ दे."

आईने उंबरा, पायऱ्या, अंगण सगळं धुतलं. म्हातारीकडून त्याच गायीचं शेण आणून सिमेंटच्या अंगणात सडा टाकला, दोनदा. कुत्रा दोन दिवसांत पायरीवर परतला. मांजर आली. गाय नाही आली. पलीकडच्या कडेने जायची. मी दारात उभी राहून तिला मनातल्या मनात शिव्या घालायची, पण तिचं बरोबरच होतं. वानरांना कुरडया हव्या होत्या म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा येऊन पाहिलं, वास आहे पण वाघ नाही. गायीला कशाला तपासायची गरज? पोळी देणारी दारं गल्लीत आणखी होती. जिथे एकदा मरण हुंगलं तिथे पुन्हा कशाला जायचं?

हे मी आईला सांगत होते, चहा घेता घेता. बाबा जागे आहेत असं आम्हाला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई पोळ्या लाटत असताना आतून आवाज आला, "टॉवेल काढ त्याच्यावरचा."

वॉकर दिला. पाय आखडला होता, उठता उठता दोनदा परत बसले. दार, पायऱ्या, अंगण. फाटकाशी येऊन त्यांनी कडी काढली. झटका आल्यापासून फाटकाबाहेर ते कधी गेले नव्हते. मी पुढे धावणार तोच आईने माझं मनगट धरलं, पिठाच्या हाताने.

गाय पलीकडच्या कडेने येत होती. बाबा रस्ता ओलांडायला निघाले. एक मोटरसायकलवाला थांबला, काही न बोलता बाजूने गेला. गाय उभी राहिली. बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर थांबले. पोळी बगलेतच होती. त्यांनी ती काढली नाही. डाव्या हाताने उजवा लुळा हात उचलला आणि रिकामा तळवा तिच्या पुढे धरला. गायीची मान वर गेली. मला तिच्या फुगलेल्या नाकपुड्या दिसत होत्या. बाबांनी डोळे मिटले होते.

तिने हात हुंगला. मग मनगट, कोपर, सदऱ्याची बाही. पुढे सरकून छाती हुंगली, गळा हुंगला, घाई न करता. त्या क्षणी मला सगळं शहाणपण ठाऊक असूनही मी त्या जनावराच्या नाकाकडे बघत होते, तिथूनच निकाल येणार असल्यासारखी. मग गायीने जीभ काढली आणि बाबांचा तळवा चाटला. परत चाटला. त्यांनी बगलेतली पोळी दिली, ती तिने खाल्ली आणि आपल्या वाटेने पुढे गेली.

बाबा परत आले. फाटकाशी थांबून त्यांनी श्वास घेतला.

"अजून आहे मी, म्हणते," ते म्हणाले. मग आईकडे वळून, "दुबराज आहे का घरात?"

आईने त्या सकाळी कुकर न लावता पातेल्यातच भात टाकला. भाताला वाफ आली, झाकण उडू लागलं, आणि बाबांना पहिलं ताट वाढलं तेव्हा तो वास पुढच्या खोलीभर झाला. मी एकदम दाराकडे पाहिलं. कुत्रा पायरीवर झोपला होता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही, ते जेवत होते.